१/७२ लॉकहीड कॉन्स्टेलेशन : एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' करायला घेतलंय

सांताक्रूझकर (धागाकर्ता)

मंडळी, हेलर कंपनीचं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) कॉन्स्टेलेशनचं किट बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं ते शेवटी खाली काढलं. हे एल-७४९ आहे, म्हणजे गोल खिडक्यांचं आखूड कॉन्स्टेलेशन, नंतर आलेलं लांब सुपर कॉनी (कॉनी म्हणजे कॉन्स्टेलेशनच) नव्हे. डब्यात जे डेकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं-अक्षरं) आहेत त्या रंगात मला करायचंच नाहीये. मला करायचंय नोंदणी व्हीटी-सीक्यूपी, मलबार प्रिन्सेस, जे ८ जून १९४८ ला सांताक्रूझहून निघून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनीच त्या वर्षी ८ मार्चला स्थापन झालेली, तीन महिन्यांत त्यांनी लंडनची सर्व्हिस चालू केली, ३५ प्रवासी होते आणि जेआरडी टाटा स्वतः त्यात बसून गेले. स्वातंत्र्याला अजून वर्षही झालं नव्हतं हो! लहानपणापासून आमच्या डोक्यावरून विमानं उतरायची पण त्यातलं पहिलं परदेशी जाणारं आपलं विमान कसं दिसायचं हे कुणालाच सांगता यायचं नाही, म्हणून हे करायचंय.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो, खरं विमान लांबीला २९ मीटर आणि पंख ३७.५ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण ४० सेंमी लांब आणि ५२ सेंमी रुंद होणार. शोकेसमध्ये मावणार नाही, जागा आधी बघून ठेवलीये.

तीन ठिकाणी सल्ला हवाय. एक, पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम कसं आणायचं. दोन, हे मॉडेल शेपटीवर बसतं असं सगळीकडे वाचलंय तर नाकात वजन किती आणि कुठे घालायचं. तीन, डेकल स्वतः छापावे लागणार, कुणी केलेत का?

पुणेरी_रिव्हेट

अरे वा, फार दिवसांनी कुणीतरी प्रवासी विमान घेतलं, नाहीतर इथे सगळे स्पिटफायर आणि मिगवाले. मी स्वतः विमानाच्या देखभालीत आयुष्य काढलंय (कॉनी माझ्या आधीची, मी जेटवाला) त्यामुळे दोन गोष्टी आधी सांगतो मग तुझ्या प्रश्नांकडे येतो.

पहिली म्हणजे कॉनीचं फ्यूजलाज (धड) सरळ नळकांडं नाहीये. नाक खाली झुकलेलं, शेपटी वर उचललेली, पूर्ण अंगाला बाक आहे. त्यामुळे प्रत्येक फ्रेमचा घेर वेगळा, कारखान्यात बनवायला किचकट आणि महाग काम. नंतरच्या विमानांनी सरळ नळी घेतली त्याचं हे एक कारण, तीच फ्रेम पुन्हा पुन्हा लावता येते आणि मध्ये तुकडा घालून विमान लांबवता येतं. तुला याचा त्रास असा की दोन अर्धे जोडलेस की पाठीवरचा आणि पोटाखालचा सांधा त्या बाकावरून जातो, तिथे सपाट फाइल मारलीस तर बाक मरतो. वॉटर पेपर बोटाला गुंडाळून नाहीतर जाड रबरावर लावून लांबीच्या दिशेनेच घासायचं.

दुसरी, जुन्या साच्याच्या किटांवर पॅनलच्या रेषा उठावाच्या असतात आणि सांधा घासताना त्या जातात. जिथे गेल्या तिथे कोरून काढायच्या का सगळं विमानच नव्याने कोरायचं ते आधी ठरव. माझं मत, चकचकीत धातूच्या विमानाला सगळ्या रेषा कोरलेल्याच बऱ्या, अर्ध्या उठावाच्या अर्ध्या कोरलेल्या असल्या की प्रकाशात लगेच दिसतं.

वजनाचं, कोळ्यांच्या जाळ्याला असतात त्या शिशाच्या गोळ्या मिळतात कुठल्याही मासेमारीच्या दुकानात, त्या घे. कॉकपिटच्या मागे फारशी जागा नाही म्हणून नाकाच्या चाकाच्या खणाभोवती, कॉकपिटच्या फ्लोअरखाली जितकं मावेल तितकं घाल आणि एमसीलने पक्कं बसव. नुसतं फेविक्विक नको, वर्षभराने सुटतं आणि पोटात खुळखुळतं. किती ते मोजून सांगता येणार नाही, सगळे भाग टेपने तात्पुरते लावायचे, मुख्य चाकं जिथे येतात तिथे दोन बोटांवर तोलायचं आणि नाक खाली जाईपर्यंत वजन वाढवायचं. आणि नंतर थोडं आणखी, कारण रंगाचं आणि शेपटीच्या पुट्टीचं वजन तेव्हा धरलेलं नसतं. हे सगळं वजन नाकाच्या बारीक पायावर येतं म्हणून तो पाय आतून पितळी तारेने मजबूत कर.

अनघा_म

मी डेकल छापते, माझ्या स्वतःच्या मॉडेल्सचे आणि इथल्या दोघातिघांचेही केलेत. लिहिते सविस्तर, आत्ता फक्त एक, घरचा किंवा दुकानातला लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. हे लक्षात ठेवूनच डिझाइन करायचं.

सांताक्रूझकर

काका धन्यवाद, शिशाच्या गोळ्यांची आयडिया मस्त, आमच्याकडे कोळीवाडा जवळच आहे. अनघाताई वाट बघतोय.

नवशिक्या_ओम

मला एक विचारायचंय, एअर इंडियाच्या विमानांना खिडक्यांभोवती राजवाड्यासारख्या लाल कमानी असतात ना, त्या या विमानावर पण काढणार का दादा? आणि महाराजा?

सांताक्रूझकर

ओम, नाही. त्या झरोक्यांच्या कमानी १९७१ ला बोइंग ७४७ आलं तेव्हा आल्या, एम्परर अशोक वगैरे नावं होती त्या विमानांना. १९४८ ला त्यातलं काहीही नव्हतं. महाराजा मात्र त्याच्याही आधीचा, १९४६ चा, बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी केलेला, पण तो जाहिराती आणि छापील साहित्यातला. विमानावर चिन्ह होतं ते धनुर्धारी सेंटॉरचं, धनू राशीचा असतो ना धनुष्य ओढलेला, तो.

वास्को_वारा

गोव्यातून लिहितेय. इथे बोगमाळोच्या रस्त्याला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे उघड्यावर एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, आयएन३१५. बऱ्याच लोकांना माहीत नाही की ही एअर इंडियाचीच विमानं. बोइंग ७०७ जेट आल्यावर १९६० नंतर एअर इंडियाला कॉनीची गरज उरली नाही, मग ती हवाई दलाच्या ६ नंबर स्क्वाड्रनकडे पुण्याला गेली समुद्रावर टेहळणीसाठी, आणि १९७६ मध्ये त्यातली पाच नौदलाने घेतली. दाबोळीला आयएनएस हंसावर आयएनएएस ३१२ ही स्क्वाड्रन त्यांच्यासाठीच उभी राहिली. आठेक वर्षांनी ती निवृत्त झाली. माझे सासरे त्या तळावर होते, ते सांगतात की चार इंजिनं चालू केली की निळा धूर विमानं उभी करायच्या अख्ख्या जागेवर पसरायचा.

दादांना हवे असतील तर मी फोटो काढून आणते. कुठले अँगल हवेत ते सांगा, उगाच समोरून आणि बाजूने काढलेले फोटो मॉडेलच्या कामाचे नसतात हे मला माहितीये.

सांताक्रूझकर

ताई फार उपकार होतील! मला नाकाच्या चाकाचा पाय सगळ्या बाजूंनी, मुख्य चाकांचा खण खालून वर, प्रोपेलरचा हब जवळून, आणि तीन शेपट्यांचे सांधे हवेत.

पुणेरी_रिव्हेट

वास्को_वारा ताई, फोटो जरूर काढा पण सांताक्रूझकर, तू ते वापरताना सांभाळ. सुपर कॉनी आणि ७४९ हे नुसते लांबीत वेगळे नाहीत. सुपर १८ फुटांनी लांब आहे हे तर झालंच. पण तिच्या खिडक्या चौकोनी, तुझ्या गोल. तिच्या कॉकपिटच्या काचा उंच, तुझ्या बुटक्या. आणि सर्वात मोठा फरक इंजिनात. दोन्हीकडे राइट आर-३३५० च, १८ सिलिंडर, नऊ नऊच्या दोन रांगा, पण सुपरच्या १०४९सी मॉडेलपासून पुढे टर्बो-कंपाउंड आलं. म्हणजे बाहेर जाणाऱ्या एक्झॉस्टवर प्रत्येक इंजिनामागे तीन टर्बाइन बसवले आणि त्यांची ताकद परत क्रँकशाफ्टला दिली. तुझं २५०० हॉर्सपॉवरचं, ते ३२५० च्या पुढचं. त्यामुळे नेसेलवर (इंजिनाच्या खोळीवर) एक्झॉस्ट बाहेर पडण्याच्या जागा, त्यांच्यावरची झाकणं, काजळीचे डाग सगळं वेगळं पडतं. गोव्याच्या विमानावरून काजळीचा नकाशा काढलास तर १९४८ च्या विमानावर १९५४ चं इंजिन बसवल्यासारखं होईल.

चाकं, हब, शेपट्या यांच्यासाठी मात्र गोवा उत्तम.

स्विंडनचा_समीर

या चर्चेत माझी भर. इकडे इंग्लंडमध्ये स्विंडनजवळ रॉटनला सायन्स म्युझियमचा मोठा संग्रह आहे, जुन्या एअरफील्डवरच्या हँगरमध्ये, आणि तिथे खरंखुरं एल-७४९ए आहे, एन७७७७जी. अमेरिकन कंपनी टीडब्ल्यूएच्या रंगात आहे पण विमान मूळ डच कंपनी केएलएमचं. खिडक्या गोल, नाक आखूड, सगळं तुमच्या मॉडेलसारखं. मी टूर घेऊन पाहिलंय. तिथे एकच गोष्ट मनावर ठसली ती म्हणजे उंची. नाकाचं चाक इतक्या लांब पायावर आहे की विमान उभ्या उभ्या कुठेतरी निघाल्यासारखं दिसतं. प्रोपेलर मोठे म्हणून पाय लांब, आणि पाय आणखी लांब करायला लागू नये म्हणून नाक खाली वाकवलं. तीन शेपट्या पण त्याच हिशेबातून, एकच उंच शेपटी ठेवली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून गेली नसती.

तर माझा आग्रह एवढाच की चाकांचे पाय बसवताना विमान कसं उभं राहतंय ते फोटोशी ताडून बघा. किटच्या खाचेवर विश्वास ठेवून चिकटवून टाकू नका. कॉनीचा अर्धा दिमाख तिच्या उभं राहण्यात आहे.

सांताक्रूझकर

अपडेट. फ्यूजलाज जोडलं. खिडक्यांच्या काचा आतून लावायच्या पट्ट्या मी वापरल्या नाहीत, त्या जाड आहेत आणि बाहेरून बघितलं की भिंग लावल्यासारखं दिसतं. त्याऐवजी भोकं रिकामी ठेवलीत, सगळा रंग झाल्यावर सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद टूथपिकने भोकाच्या कडेवरून फिरवून पडदा धरायचा. गोल खिडकीला हे फार सुंदर होतं कारण गोलात पडदा आपोआप ताणला जातो.

पंखांच्या आत पितळी नळी आरपार घातलीये, एका पंखातून फ्यूजलाजमधून दुसऱ्या पंखात. ५२ सेंमीचे पंख नुसत्या प्लॅस्टिकच्या जिभेवर ठेवले तर काही महिन्यांत खाली येतात आणि वरचा कोन जातो. नळी मध्यभागी किंचित वाकवून घेतली की कोन आपोआप मिळतो.

इंजिनाच्या तोंडाशी सिलिंडर दिसतात तिथे जुन्या इअरफोनच्या वायरमधली तांब्याची बारीक तार काढून इग्निशनच्या वायरी लावतोय. चार इंजिनं, प्रत्येकाच्या पुढच्या रांगेत नऊ सिलिंडर, वेळ लागतोय पण काउलमधून (इंजिनाच्या पुढच्या झाकणातून) आत बघितलं की जीव आल्यासारखं वाटतं.

नवशिक्या_ओम

दादा हे बघून मला पण करावंसं वाटतंय. मी आजवर एकही किट केलेलं नाही. थेट हे घेऊ का?

पुणेरी_रिव्हेट

ओम बाळा, थेट १/७२ कॉनी नको. चार इंजिनं, तीन शेपट्या, आणि चकचकीत धातू, हे तिन्ही एकदम पहिल्या किटला जड जातं. दोन रस्ते सांगतो. कॉनीच हवी असेल तर रेव्हेलचं १/१४४ सुपर कॉन्स्टेलेशन घे, २४ सेंमी लांब होतं, भाग चांगले बसतात. पण मी तुझ्या जागी असतो तर एअरफिक्सचं १/७२ डाकोटा घेतलं असतं, २०१४ चा नवा साचा आहे. दोनच इंजिनं, शेपटीच्या चाकावर उभं राहतं म्हणून नाकात वजनाची भानगड नाही. आणि डाकोटा म्हणजे डीसी-३, आपल्याकडे युद्धानंतर ढिगाने उरलेली होती आणि देशातली विमानसेवा त्यांच्यावरच उभी राहिली, तेव्हा भारतीय रंगात करायलाही भरपूर वाव.

अनघा_म

आता डेकल. सविस्तर लिहितेय.

अक्षरं आधी व्हेक्टरमध्ये (कॉम्प्युटरवर रेषांनी) काढायची, इंकस्केप फुकट आहे ते वापरा. कुठलाही तयार फाँट लावू नका, त्या काळी ही अक्षरं विमानावर हाताने आखून रंगवलेली असायची, त्यांचा जाडपणा आणि अंतर कुठल्याही कॉम्प्युटर फाँटमध्ये तसंच्या तसं मिळत नाही. जुना फोटो खाली ठेवून त्यावर अक्षर ट्रेस करायचं. फोटो तिरका असेल तर आधी सरळ करून घ्यायचा, खिडक्यांमधलं अंतर ही उत्तम मोजपट्टी आहे, ड्रॉइंगवर ते माहीत असतं, फोटोत मोजता येतं, त्यावरून अक्षराची उंची निघते.

छपाई, पारदर्शक डेकल पेपरवर लेझरने. टोनर अर्धपारदर्शक असतो. काळं किंवा गडद निळं धातूवर चांगलं दिसतं पण लाल, पिवळा हे चंदेरी पृष्ठभागावर मळकट तपकिरी दिसायला लागतात कारण खालची चांदी आरपार येते. उपाय दोन. एक तर पांढऱ्या डेकल पेपरवर छापा आणि अक्षराच्या कडेने तंतोतंत कापा, मोठ्या अक्षरांना जमतं. नाहीतर त्याच आकाराचं पांढरं आधी लावा, मास्क कापून एअरब्रशने, आणि त्यावर छापील डेकल बसवा. सेंटॉरच्या चिन्हाला मी हा दुसरा उपायच करेन कारण धनुष्याच्या दोरीएवढी रेष कात्रीने सुटणार नाही.

छापल्यावर दोन पातळ हात क्लिअर कोटचे, पूर्ण सुकू द्यायचे. नाहीतर पाण्यात टाकल्याबरोबर टोनर तडकतो. आणि जास्तीचे छापून ठेवा, कागदाचा खर्च एकदाच होतो.

सांताक्रूझकर, तुम्ही मला फोटो पाठवा, ट्रेसिंग मी करून देते.

सांताक्रूझकर

अनघाताई काय बोलू. पाठवतो.

कर्नाटकी_कसब

मी मिरजेचा, धारवाडला स्थायिक. धागा पहिल्यापासून वाचतोय. एक वेगळी सूचना करतो, पटली तर बघा. मलबार प्रिन्सेस ऐवजी काश्मीर प्रिन्सेस का करत नाही? तेही एल-७४९ए च, किट तेच, नोंदणी फक्त व्हीटी-डीईपी. ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून जकार्ताला निघालेलं, आशिया-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार होते आत, उजव्या बाजूच्या चाकाच्या खणात बॉम्ब ठेवलेला. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्या विमानाने जाणार होते पण गेले नाहीत. १८,००० फुटांवर स्फोट झाला, पंखाला आग लागली आणि तशा अवस्थेत कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी विमान नातुना बेटांजवळ समुद्रापर्यंत आणलं. १९ पैकी १६ गेले. वाचले ते तिघे, को-पायलट दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनियर अनंत कर्णिक. जटार आणि एअर होस्टेस ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. आपल्या माणसांची एवढी मोठी गोष्ट, आणि तिचं एक मॉडेल मी कुठे पाहिलेलं नाही.

पुणेरी_रिव्हेट

कसबराव, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या पिढीत इंजिनियर मंडळींमध्ये कर्णिकांचं नाव आदराने घेतलं जायचं. पंखाच्या आगीचा धूर केबिनमध्ये येत असताना ग्लोरिया बेरी प्रवाशांना लाइफ जॅकेट वाटत होत्या. रेडिओ बंद पडेपर्यंत जटारांनी आपली जागा कळवत ठेवली म्हणून शोध तरी घेता आला.

स्विंडनचा_समीर

मलबार प्रिन्सेसचा शेवटही तसाच आहे. ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाला उतरायच्या आधी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं, ४८ जण होते, कुणीच वाचलं नाही. आणि १९६६ च्या जानेवारीत एअर इंडियाचंच ७०७, कांचनगंगा, जवळजवळ त्याच जागी आदळलं, होमी भाभा त्यात होते. तिथली बोसाँ हिमनदी अजून दोन्ही विमानांचे तुकडे खाली आणून टाकते, पायथ्याच्या शामोनीला गेलो होतो तेव्हा तिथल्या लोकांकडून ऐकलं.

सांताक्रूझकर

कसबराव, तुमची पोस्ट वाचून खूप विचार केला. काश्मीर प्रिन्सेस व्हायलाच हवं, पण मी मलबारच करणार आणि कारण सांगतो. मॉडेल म्हणजे एका विमानाचा एक दिवस असतो. मी जो दिवस धरलाय तो निघण्याचा आहे. मला ते विमान नवं कोरं, लॉकहीडच्या कारखान्यातून येऊन फार दिवस न झालेलं, इंजिनावर तेलाचे ओघळ जेमतेम पडलेलं असं हवंय. माँ ब्लाँ त्याच्या पुढ्यात होता हे मला माहीत असणारच, पण ८ जूनला विमानात बसलेल्या कुणाला माहीत नव्हतं, आणि मॉडेलने तेवढंच दाखवावं असं मला वाटतं.

काश्मीर प्रिन्सेससाठी १९५५ चे फोटो लागतील, सात वर्षांत रंग, अँटेना, डागडुजी सगळं बदललेलं असणार. १९४८ चं विमान करून त्यावर नुसती नोंदणी बदलून लावली तर त्या माणसांचा मान राखला असं होणार नाही.

कर्नाटकी_कसब

पटलं. मग मीच करतो. किट शोधायला लागलोय. उजव्या चाकाचा खण मात्र मी नीट तपशिलाने करणार, आतले पाइप, टाकीची भिंत, सगळं. वास्को_वारा ताई, खालून वरचे फोटो मलाही पाठवा.

वास्को_वारा

गेले होते. फोटो दोघांनाही मेल केलेत. पावसाळ्याआधीचा उजेड चांगला होता म्हणून खणाच्या आतलं स्पष्ट आलंय. पाय पुढच्या बाजूला मिटतो आणि आतल्या दोन इंजिनांच्या नेसेलमध्ये जातो हे जागेवर उभं राहून बघितलं की लगेच समजतं. प्रत्येक पायाला दोन चाकं. एक सांगते, समुद्राचा वारा आणि पाऊस यांनी त्या विमानाचं जे होतंय ते बघवत नाही. म्युझियमची माणसं रंग देतात, काळजी घेतात, पण खारं हवामान आहे. गोव्याला येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तिथे जावं, तिकीट घेऊन जावं, आपल्याकडे उरलेलं ते एवढंच आहे.

सांताक्रूझकर

आता धातूच्या रंगाचं. फवारणी सुरू करायच्या आधी सगळ्यांची मतं हवीत. माझा बेत असा, आधी ग्लॉस काळा बेस, त्यावर अॅलक्लॅड कंपनीचं पॉलिश्ड अॅल्युमिनियम, मग ठराविक पॅनल मास्क करून वेगळ्या छटा.

पुणेरी_रिव्हेट

बेत बरोबर. काळ्याचा हात आरशासारखा यायला हवा, धातूचा रंग खालचं सगळं दाखवतो, एक ओरखडा लपत नाही. काळा झाल्यावर निदान दोन दिवस थांब आणि मग अगदी पातळ थर, कमी प्रेशरवर. थर जाड झाला की चांदीचा राखाडी होतो.

पण महिना बघ रे. मुंबईत जून लागला की लॅकर मारू नकोस. सॉल्व्हंट झटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, पांढरट धुकं धरतं. मारायचंच असेल तर एसी चालू करून खोली कोरडी कर, थिनरमध्ये रिटार्डर घाल म्हणजे सावकाश सुकेल.

छटांचं, नवीन विमान हवंय ना? मग फरक अगदी हलके ठेव. इंजिनामागचे एक्झॉस्टचे पत्रे वेगळ्या धातूचे, उष्णता सोसणारे, ते गडद आणि किंचित तपकिरी. बाकी दोन, फार तर तीन छटा. बरेच जण बुद्धिबळाचा पट करून ठेवतात, खऱ्या विमानाचा पत्रा त्याच तऱ्हेचा आणि पॉलिश केलेला असतो, फरक दिसतो तो पत्र्याच्या दाण्याच्या दिशेमुळे आणि प्रकाशामुळे.

अनघा_म

फॉइलचा विचार केला का? मी एका छोट्या विमानाला लावलं होतं. पातळ अॅल्युमिनियम फॉइल, मागून चिकट द्रव, एकेका पॅनलचा तुकडा कापून इअरबडने घासत बसवायचा आणि कडेने नव्या ब्लेडने कापायचा. खऱ्या धातूसारखं दिसतं कारण खरा धातूच असतो, आणि दाण्याची दिशा काका म्हणतात तशी तुकडा फिरवून मिळते.

सांताक्रूझकर

अनघाताई, पंखांना फॉइल लावायचा मोह आहे. नाकाला दोन्ही बाजूंनी बाक आहे, तिथे सुरकुती पडणारच. आणि पंख फॉइलचे, अंग रंगाचं असं केलं तर दोन वेगळी विमानं जोडल्यासारखं दिसेल. म्हणून पूर्ण रंगच.

पंखांच्या आणि शेपट्यांच्या पुढच्या कडेला काळे रबरी डी-आयसिंग बूट (बर्फ झाडणाऱ्या पट्ट्या) आहेत, ते तुम्ही कसे कराल? फोटोत कड अगदी धारदार दिसते.

स्विंडनचा_समीर

शुद्ध काळा नको, टॅमियाचं रबर ब्लॅक एक्सएफ-८५ घ्या, थोडं राखाडीकडे झुकलेलं आहे, या स्केलला तेच बरोबर दिसतं. मास्किंग टेप आधी हाताच्या तळव्यावर दोनचारदा चिकटवून काढा म्हणजे चिकटपणा कमी होईल, नाहीतर टेप काढताना धातूचा रंग घेऊन येईल. आणि बूट मॅट ठेवा. चकचकीत धातूशेजारी मॅट रबर आलं की दोन्ही उठून दिसतात.

सांताक्रूझकर

धातूचा रंग झाला. एसीच्या खोलीत मारला, पावसाची पहिली सर यायच्या आत. काका, तुम्ही म्हणालात ते पाठीवरच्या सांध्याचं इतकं कामाला आलं की काय सांगू, प्रकाश नाकापासून शेपटीपर्यंत न तुटता वाहतोय. प्रोपेलरच्या टोकांना पिवळा लावला. एचएफ अँटेनाच्या तारा पाठीवरून शेपट्यांकडे जातात त्या मेणबत्तीवर ओढलेल्या स्प्रूच्या (किटचे भाग धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांडीच्या) केल्यात, केसाएवढ्या बारीक.

अनघाताईंनी ट्रेस केलेले डेकल आलेत, धनुर्धारी एवढा सुंदर काढलाय की कापायला हात धजावत नाही. एकच शंका, धातूच्या रंगावर थेट डेकल लावू का आधी क्लिअर ग्लॉस मारू? क्लिअर मारला की झळाळी मरते असं वाचलंय.

अनघा_म

सगळ्या विमानावर क्लिअर मारू नका, झळाळी खरंच कमी होते. तुमचा पृष्ठभाग काळ्या ग्लॉसवरचा आहे म्हणजे आधीच गुळगुळीत आहे. डेकलखाली चंदेरी धुरकट डाग येतात ते खडबडीत पृष्ठभागात हवा अडकल्यामुळे. एका कोपऱ्यात, पंखाखाली, जास्तीचं एक अक्षर लावून बघा. मायक्रो सेट (डेकल बसवायचं द्रव) आधी ओला लावा, डेकल सरकवून जागेवर आणा, कापसाने मधून बाहेर पाणी काढा. मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) मात्र त्याच चाचणीच्या अक्षरावर आधी, घरी छापलेल्या डेकलचा क्लिअर कोट कधीकधी त्याने सुरकुततो.

पांढरा थर आधी आणि तो पूर्ण सुकल्यावरच लाल. नोंदणीची अक्षरं पंखावर कुठल्या बाजूला वर आणि कुठल्या बाजूला खाली आहेत ते तुमच्याकडच्या फोटोवरून बघूनच लावा, अंदाजाने नको.

नवशिक्या_ओम

दादा, माझं डाकोटा आलं! काकांनी सांगितलं तेच घेतलं. नवा धागा काढू का इथेच विचारू?

सांताक्रूझकर

नवा धागा काढ ओम, तुझ्या विमानाला स्वतःचा धागा हवा. आणि कुठल्या डाकोटाचं, कुठल्या सालचं करणार ते पहिल्या पोस्टमध्येच लिही, म्हणजे ज्यांच्याकडे फोटो असतील ते देतील.

अनघाताई, पंखाखाली एक अक्षर लावून बघितलं, सोलने सुरकुतलं नाही. उद्या नाकापासून सुरुवात करतो.